मामाच्या पोटात

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला ठाणेदार निकमांनी पत्रकारांना सांगितलं, मुलगा सापडलेला नाही, पण आरोपी सापडला आहे.

पत्रकारांना म्हणजे मला. तालुक्याला आणखी एक वार्ताहर होता, तो साळ्याच्या लग्नाला गेला होता.

मुलगा हर्षल देविदास मानकर, वय सात, दुसरीत. रविवारी जेवणाआधी पाच वर्षांच्या बहिणीला घेऊन खेळायला बाहेर पडला. बहीण एकटी परत आली. आरोपी त्याचा सख्खा मामा, सुधाकर गावंडे, एसटी स्टँडवर भज्यांची गाडी लावणारा. गावाचं नाव लिहीत नाही. वऱ्हाडातलं आहे, अकोल्यापासून फार लांब नाही, आणि ती सगळी माणसं अजून तिथंच राहतात.

"पुरावा?" मी विचारलं.

"बहिणीनं सांगितलंय." निकम नाशिककडचे होते, शब्द मोजून बोलत. "कितीदा विचारलं, एकच उत्तर. मामा. पाच वर्षांची पोरगी खोटं बोलते का, मोहोड?"

"मामा म्हणजे हाच कशावरून?"

"वास. मामाच्या तोंडातून भज्यांचा वास येतो म्हणाली. आता तुम्हीच सांगा, तुमच्या गावात भज्यांचा वास येणारे मामा किती आहेत?"

आतल्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग थप्पड. मग एक आवाज, न ओरडता, "मले नाई माहीत साहेब."

"कालपासून एवढंच पाठ केलंय," निकम म्हणाले. "संध्याकाळपर्यंत विसरेल."

कारण गावाला माहीत होतं. वनितानं, म्हणजे हर्षलच्या आईनं, बापाच्या शेतात हिस्सा मागितला होता. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. दिवाळीत भाऊबिजेला सुधाकर गेला नाही आणि भर बाजारात म्हणाला, "मले बहीण नाई." अर्ध्या बाजारानं ते ऐकलं होतं. आता उरलेला अर्धा बाजारही आपण ऐकलं असं सांगत होता.

स्टँडवर त्याची गाडी आडवी पाडली होती. कढई कुणीतरी नेली होती.

अकोल्याहून डेस्कचा फोन आला. "मामाच निघाला ना? हेडिंग लावून ठेवलंय, 'कंसमामा'. सातच्या आत पोराचा फोटो पाठव."

फोटोसाठी मी मानकरांच्या घरी गेलो.

अंगणात बायका बसल्या होत्या, पुरुष कुणी नव्हता. देविदास आणि त्याचे भाऊ गळ आणि दोर घेऊन सुधाकरच्या शेतातल्या विहिरीवर गेले होते. वनिता ओसरीवर भिंतीला टेकून होती. मी फोटो मागितला तेव्हा तिनं शाळेतला गटाचा फोटो आणून दिला आणि बोट ठेवलं. बोट तिनं उचललंच नाही, मला फोटो तिच्या बोटाखालून ओढून घ्यावा लागला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला धाकटी शेंगा फोडत होती. दाणे एका वाटीत, टरफलं दुसऱ्या वाटीत. त्या घरात तेवढं एकच माणूस घाबरलेलं नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"पूर्वा देविदास मानकर."

"दादा कुठं आहे?"

ती बोलायच्या आत तिची काकू बोलली. "सांग व बाई साहेबाले. मामानं नेलं ना दादाले?"

"हाव," पूर्वा म्हणाली.

"आपल्या मामानंच ना?"

"हाव."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. लिहून घ्या, असं ते पाहणं होतं. मी लिहून घेतलं. मग ती दुसऱ्या बाईकडे वळली आणि पूर्वानं एक दाणा वाटीत टाकत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "तो ढेकर देते, मंग येते दादा."

"पाहा," काकू म्हणाली, "कालपासून हेच. ढेकर, भजे. लेकराचं ध्यान खाण्यातच."

ढेकर हा शब्द मी पंधरवड्यापूर्वीच लिहिला होता आणि डेस्कनं तो कापला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत कुमुदताई पिंपळखुटेंचा गोष्टींचा कार्यक्रम झाला, त्याची ती चार ओळींची बातमी होती. कार्यक्रमाच्या शेवटी अंगणवाडीसकट अख्ख्या शाळेनं एका सुरात ढेकर दिला होता आणि मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं.

मी मोटारसायकल काढली.

कुमुदताईंनी मला हायस्कुलात चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्या मुलांची चित्रांची पुस्तकं करायला लागल्या. गोष्ट त्यांची, चित्रंही त्यांचीच, आणि दोन्हीत कुणी बोट घातलेलं त्यांना चालत नसे. पुण्याच्या प्रकाशकानं एकदा त्यांच्या म्हशीला जास्त हसरं करा म्हणून सांगितलं, तर त्यांनी उलट टपाली विचारलं होतं, तुम्ही म्हैस कुठं पाहिली?

दार उघडंच होतं. त्या खिडकीशी बसून रंग लावत होत्या.

"मोहोड, चपला बाहेर. आणि उजेडात उभा राहू नकोस."

मी सांगायला सुरुवात केली. मुलगा हरवल्याचं त्यांना माहीत होतं. मामाचंही माहीत होतं. ढेकर आला तसा त्यांचा हात थांबला.

"पुन्हा सांग. तिचे शब्द. तुझे नकोत."

"तो ढेकर देते, मंग येते दादा."

"देते? दिला नाही म्हणाली?"

"देते."

त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला. तो कलंडला, तरी उचलला नाही.

"ढोलमामा," त्या म्हणाल्या.

त्या पुस्तकाचं नाव होतं 'ढोलमामाची भूक'. ढोलमामा म्हणजे एक गोल गरगरीत गृहस्थ, पोट ढोलासारखं. तो बकरी गिळतो, पोस्टमन गिळतो, ट्रॅक्टर गिळतो, वरात गिळतो तेव्हा वाजंत्री आतही वाजवत राहतात. शेवटी बाहेर उरते एक लहान मुलगी. ती त्याच्या पोटावर थाप मारून म्हणते, ढोलमामा ढोलमामा, ढेकर दे. तो ढेकर देतो आणि शेवटच्या पानावर सगळे बाहेर येतात, बकरी सगळ्यात आधी.

"मी शेवटचं पान आधी काढते," कुमुदताई म्हणाल्या. त्या मला सांगत नव्हत्या, कपाटातून खडू शोधत होत्या. "प्रत्येक पुस्तकाचं. आत गेलेलं लेकरू बाहेर कसं येणार हे कळल्याशिवाय मी त्याला आत पाठवत नाही. ती पोरगी घाबरली आहे का?"

"नाही."

"मग ती शेवटच्या पानाची वाट बघते आहे." खडू सापडला. "चल. गाडी जोरात चालव, मी धरून बसते."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. डिसेंबर होता, दिवस लहान.

कुमुदताई सरळ ओसरीवर गेल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. "सगळ्या बायांनी मागच्या अंगणात जायचं. वनिता, तू थांब, पण बोलायचं नाही."

"ताई," वनिता म्हणाली, "चित्रं काढाची वेळ आहे का हे?"

"हीच आहे."

काकू जागची हलली नाही. "पोरीनं पोलिसाले सगळं सांगतलं ना. अजून काय इचारता?"

"मी विचारणारच नाही," कुमुदताई म्हणाल्या. "लेकराला विचारलं की ते आपल्याला हवं ते सांगतं. जा तू, चहा ठेव."

त्यांनी पूर्वाकडे पाहिलंही नाही. फरशीवर खडूनं मोठा गोल काढायला घेतला. पूर्वा शेंगा फोडायची थांबली. गोलाला त्यांनी बारीक डोळे काढले, मिशा काढल्या आणि पोटावर दार काढलं, कडी-कोयंड्याचं.

"झाला ढोलमामा," त्या स्वतःशी म्हणाल्या. "इथून दादा आत गेला."

"तिथून नाई," पूर्वा म्हणाली.

"इथूनच. दारातून."

"नाई व! वरून. वर तोंड हाय त्याचं."

"वर कुठं तोंड असतं?" कुमुदताईंनी दार तळव्यानं पुसलं आणि डोक्यावर एक फट काढली. "असं?"

"गोल. झाकन असते. दादानं उघडलं."

हे त्यांचं काम करायचं तंत्र होतं, ते मला पुढं कळलं. पुस्तकाचा कच्चा खर्डा त्या मुलांपुढं मुद्दाम चुकवून काढत. मांजराला कोंबडीचे पाय, विहिरीला दार. आवडलं का, असं विचारलं की मुलं हो म्हणत. चूक दिसली की मात्र ती गप्प बसू शकत नसत. मग काय चुकलं आणि कुठं, ते तीच सांगत.

त्यांनी गोलाला दोन जाड पाय काढले, पायात बूट.

पूर्वा हसली. "मामाले पाय नाईत!"

"मग तो चालतो कसा?"

"चाकं हायेत."

भिंतीपाशी वनिता एकदम सरळ झाली. कुमुदताईंनी वर न पाहता डावा हात तिच्याकडे केला, थांब.

"चाकं," त्या म्हणाल्या आणि सायकलची दोन चाकं काढली.

"इतकी नाई. लय. आन् मोठ्ठी. माह्याएवढी." पूर्वा उठून चित्रावरच येऊन उभी राहिली. "आन् हा असा उभा नाई. झोपला हाय. लांब हाय."

कुमुदताईंनी गोल पुसला आणि आडवा लांबट पिंप काढला. खडूचा आवाज तेवढा येत होता. त्यांनी मागच्या टोकाला म्हशीसारखं शेपूट काढलं.

"शेपूट नाई, वेण्या हायेत. दोन. काळ्या काळ्या. आन् मांगं शिडी."

"शिडीवर कोण चढलं?"

दादाबद्दलचा हा पहिला प्रश्न होता. पूर्वानं लगेच उत्तर दिलं. चित्र आता बरोबर होतं.

"दादा. मंग मी थोडी. त्याच्या तोंडातून भज्याचा वास येते. दादा आत घसरला, सूंऽऽ करून. मी थाप मारली. ढम्म वाजला. मी म्हटलं, ढोलमामा ढोलमामा, ढेकर दे. नाई देला त्यानं."

"मग?"

"दादा रडे. मी म्हटलं, थांब ना, शेवटचं पान नाई आलं अजून. मंग मले भूक लागली."

कुमुदताईंच्या हातातला खडू मोडला. आवाज मात्र तसाच राहिला. "कुठं झोपलाय हा मामा?"

"जिनिंगच्या मांगं."

वनिता माझ्याआधी मोटारसायकलपाशी पोचली. कुमुदताई सोडल्या, तर त्या गावात परक्या पुरुषाच्या गाडीवर बसलेली बाई त्यापूर्वी मी पाहिली नव्हती. ती बसली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला."

कापसाची जिनिंग फॅक्टरी बंद पडून वर्षं झाली होती. मागच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती, तिथं नादुरुस्त ट्रक उभे करत. त्या दिवशी तिथं काहीच नव्हतं. गवत चाकांखाली दबून पिवळं पडलं होतं आणि मातीवर तेलाचा डाग होता, भाकरीच्या परातीएवढा. वनिता वाकली, बोट लावून हुंगलं.

"सरकीचं," ती म्हणाली. "भजे तळतात ते."

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं ते असं. टँकर सरकीच्या तेलाचा होता, रिकामा. शनिवारी गिअर अडकला म्हणून उभा केला होता. ड्रायव्हर बाजूच्या खेड्यातला, घरी गेला होता. आज मेकॅनिक आला, काम झालं, जेवून तो निघाला.

"कुठं?"

"अकोल्याले. एमआयडीसीत तेल भराले. संध्याकाळचा नंबर होता त्याचा."

"कोणती गिरणी?"

"ते नाई सांगतलं."

"भरण्याआधी झाकण उघडून बघतात ना आत?"

पंक्चरवाला खरं बोलणारा माणूस होता. "बघतात कोनी, नाई कोनी. जुनं तेल चिकटून रायते, तर वाफ मारतात आतून. नळी टाकतात वरून."

वनिता डागाशेजारी खाली बसली. "भाऊ," ती मला म्हणाली, "फोन करा ना."

मी डेस्कला फोन केला.

"फोटो निघाला का?"

"फोटो राहू दे. एमआयडीसीतल्या तेल गिरण्यांचे नंबर दे. जाहिरात विभागात असतील."

"आता? पान लावतोय मी."

"पोरगा टँकरमध्ये आहे. तेल भरायला गेलाय टँकर."

त्याचा आवाज बदलला. नंबर तीन मिळाले. पहिला लागला, त्यांच्याकडे टँकर नव्हता. दुसरा व्यग्र होता. तिसरा वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा दुसरा, पुन्हा व्यग्र. ठाण्यात फोन केला. निकम म्हणाले, वायरलेस करतो, पण एका पोरीच्या चित्रावरून मी आरोपी सोडणार नाही. मी म्हटलं, सोडू नका, वायरलेस करा. डेस्कनं परत फोन केला, जाहिरातवाला पाठक एमआयडीसीपासून जवळ राहतो, तो स्कूटरवर निघाला आहे.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी फोन हातात धरून उभा राहिलो. ऊन जिनिंगच्या पत्र्यांवरून उतरत होतं.

"साहेब," वनिता म्हणाली. मघाशी भाऊ म्हणाली होती. "सुधादादाले मारलं का त्यायनं?"

"हो."

"लय?"

मी फोनकडे पाहिलं.

"पोरगी मले काल जेवतानाच सांगे," ती म्हणाली. "दादा मामाच्या पोटात हाय म्हने. मी म्हटलं, लेकरू हाय, पोटात काय अन् कडे काय. पोलिसाले मी 'मामाकडे' सांगतलं." तिनं तेलाचं बोट पदराला पुसलं. "मामा म्हटलं की माह्या डोळ्यापुढं दुसरं कोनी आलंच नाई."

फोन वाजला. पाठक होता. मागं यंत्रांचा आवाज होता आणि तो धापा टाकत होता.

"मोहोड, यादीतल्या दुसऱ्याच गिरणीत आहे. नळी लावली होती. मी ओरडलो. वर चढलेल्यानं आत बॅटरी मारली तर..."

"तर काय?"

"आहे. पोरगं आहे. बसलंय कोपऱ्यात. डोळे हलवतंय."

बाहेर काढल्यावर हर्षलनं आधी पाणी मागितलं. अंग तेलानं इतकं निसरडं झालं होतं, की दोघांच्या हातून तो सुटला. शेवटी चादरीची झोळी करून वर घेतला. आतून शिडी नव्हती. तो रात्रभर भिंतीवर चढत होता आणि घसरत होता, दोन्ही हातांची नखं गेली होती. हे मला पाठकनं मागाहून सांगितलं.

वनिताला मी एवढंच सांगितलं, की आहे, जिवंत आहे. तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले. मग उठली आणि म्हणाली, "ठाण्यावर चला."

"अकोल्याला जीप करतो मी. पोराला दवाखान्यात..."

"त्याचा बाप जाईन त्याच्यापाशी. मले ठाण्यावर न्या."

दिवे लागायच्या वेळेला सुधाकरला सोडलं. निकम बाहेर आले नाहीत. हवालदारानं त्याची चप्पल आणून दिली, एकच होती. तो पायऱ्या धरून उतरला. डाव्या कानापासून मानेपर्यंत रक्त वाळलं होतं.

वनिता खाली उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या धरला होता, तो कुठून आणला हे मला माहीत नाही.

"दादा," ती म्हणाली.

तो तिच्यापर्यंत आला. तांब्याकडे पाहिलं.

"पोरगा?"

"सापडला. बरा हाय."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तुह्या पोरीले सांग, तिचा मामा कोनाले गिळत नाई."

आणि एका चपलेनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी 'भाचा टँकरमध्ये सुखरूप' अशी दोन कॉलमांची बातमी आली. कंसमामाचं हेडिंग काढून टाकलं होतं. सुधाकरला मारहाण झाल्याचा परिच्छेदही निघाला, डेस्कनं जागा नाही असं कारण दिलं. मी तो आठवड्यानं वेगळी बातमी करून छापवला. चौकशी बसली, निकमांची बदली झाली. चौकशीचा अहवाल मी दोनदा मागितला, मिळाला नाही. डॉक्टर म्हणाले, सुधाकरच्या डाव्या कानाचा पडदा गेला, त्या बाजूनं आता ऐकू येणार नाही.

कुमुदताईंनी प्रकाशकाला कळवून पुस्तक बाजारातून परत घ्यायला लावलं. नव्या आवृत्तीत ढोलमामाचा ढोलोबा झाला आणि पहिल्या पानावर त्यांनी एक आई काढली, आधीच्या पुस्तकात ढोलमामाच्या पोटाबाहेर मोठं माणूस एकही उरत नव्हतं. मी विचारलं, गोष्टीत तिचं काय काम? त्या म्हणाल्या, "काही नाही. ती फक्त ऐकते." त्यांना जाऊन आता पाच वर्षं झाली.

सुधाकरनं पुन्हा गाडी लावली. वनितानं हिस्सा सोडला, तरी तो बहिणीच्या घरी गेला नाही. वनिता दर भाऊबिजेला ओवाळणीचं ताट करून दार उघडं ठेवत असे, असं शेजारी सांगतात. मी पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात पूर्वा माझ्या घरी आली. तेवीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात नोकरी करते. लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. हर्षल पुण्यात असतो, लिफ्टमध्ये जात नाही, जिने चढतो, असं तिनं हसत सांगितलं. मी पत्रिका उघडली. मामा, श्री. सुधाकर गावंडे, असं छापलं होतं.

आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं तोच उभा असतो. सख्खा मामा नसेल तर चुलत, मानलेला, कुणी तरी लागतोच.

"ते येणार आहेत?" मी विचारलं.

"मी गेली होती काका, स्टँडवर. एकटीच. आईले नाही सांगितलं. पत्रिका दिली, अक्षता दिल्या, पाया पडली. मग म्हटलं, मामा, मला मांडवात तुम्हीच आणा. दुसऱ्या कोणाचा हात मी धरणार नाही."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. ते भजी तळत होते. वर पाहिलंच नाही. मी थांबली थोडी. मग त्यांनी भज्यांचा एक पुडा बांधून दिला. मी पैसे काढले तर घेतले नाहीत."

"तू उभी कुठं होतीस?"

"गाडीपाशीच."

"म्हणजे कोणत्या बाजूला?"

तिनं आठवून पाहिलं. हात हवेत फिरवून कढई इथं, स्टोव्ह इथं, मामा इथं असं मांडलं. आपण काय सांगतो आहोत हे तिला माहीत नव्हतं, आणि मी तिला सांगितलं नाही.

"त्यांच्या डाव्या हाताला," ती म्हणाली.

मुहूर्त उद्या, रविवारी दुपारचा आहे. आज संध्याकाळी मी स्टँडवरून आलो. गाडी लागलेली होती, गर्दी होती. कढईमागच्या फळीवर, तेल उडणार नाही इतक्या उंचीवर, पत्रिका उभी करून ठेवलेली होती. उद्या गाडी लावणार का, असं एका गिऱ्हाइकानं विचारलं. ते गिऱ्हाईक सुधाकरच्या डाव्या बाजूला उभं होतं.